टोप्या

म्हापशात, मासळी बाजारामागे, बाबांचा छापखाना.
पोर्तुगीज गेले, खिळे मागे राहिले.
वरच्या खणात ç, शेपटी खाली सोडून बसलेले,
कोन्सेसांव आणि ग्रासा यांच्या लग्नपत्रिकांची वाट बघत.

एका शुक्रवारी फुर्तादो मास्तर आले,
एका हातात चोणक,
दुसऱ्यात दोन पानं, एस्पेरांतोची.
कुणाच्याच आईची नाही, म्हणून सगळ्यांची भाषा, म्हणाले.
बाबांनी चष्मा पुसला.
c ला टोपी. g ला, h ला, j ला, s लासुद्धा.
"टोपी स्वरांनी घालायची ना, मास्तर?"
"व्यंजनांनाही ऊन लागतं, सगुणबाब."

असले खिळे मुंबईतही मिळेनात.
मग बाबांनी ô काढले, सगळे,
कानशीने त्यांच्या टोप्या उतरवल्या,
घड्याळवाल्या पेद्रूने त्या डाक दिल्या, एकेक.
मी बारा वर्षांची. चिमटा माझ्याकडे.
h ची काठी उंच, टोपी घसरून पडे.
"ते दोनच करा," मास्तर म्हणाले,
"फार थोड्या शब्दांत लागतं.
पडसाद म्हणायचं असेल तर."

दोनशे प्रती.
गठ्ठा सायकलला बांधून ते गेले, वाऱ्याविरुद्ध.

पुढच्याच महिन्यात शिवोलीचे रेबेलो वारले.
आजोबा या शब्दाला ô हवा; खण रिकामा.
बाबांनी ó लावला, तिरकी रेघ,
कोण बघतंय म्हणून.
आणि रेबेलो आजोबा
आजी होऊन छापून आले.
काळ्या साडीतली बाई दारात उभी,
हातात ते पान.
आम्ही श्वास धरून.
"बरोबरच आहे," ती म्हणाली,
"घरात पेज तोच रांधायचा."
आणि मग रडली, खिळ्यांच्या पेटीवर कोपर टेकून.

मास्तरांना एकच उत्तर आलं, चेक देशातून.
पाठवणाऱ्याच्या नावातल्या c वर टोपी होती,
पण उलटी,
पागोळ्यांखाली ठेवलेल्या वाटीसारखी.
मास्तर ते पत्र खिशात घालून हिंडायचे
घड्या फाटेपर्यंत.

आता मी मराठी प्रुफं तपासते.
शेजारची ओडिशाची लिपिका संध्याकाळी धडा वाचायला येते.
परवा अडली.
जग म्हणताना जीभ टाळूला, ते तिला जमतं.
जगणं म्हणताना दातांशी जायचं,
ते कुठे लिहिलंय?
मी पान उजेडात धरलं. तोच ज.
ना टोपी, ना शेपटी.
"मग तुम्हाला कसं कळतं?"

पेन्सिलीने तिच्या ज वर मी एक टोपी काढली,
जरा वेळ बघितली,
खोडली.
कागदावर खळगा राहिला आहे.