सामाईक भिंत

ग्लॉस्टरशरमधलं हे गाव, एकच रस्ता.
मी मापं घ्यायला आलोय:
बारा दारं, सहा धुराडी.
टेपचं एक टोक माझ्याकडे,
दुसरं मिसेस थ्रॅपल यांनी हट्टानं धरलेलं.
वय एक्याण्णव, हात थरथरता,
म्हणून प्रत्येक माप दोनदा.

लोकरीच्या एका व्यापाऱ्यानं बांधलं हे, चौदाशे ऐंशीच्या सुमारास.
कमानीवर त्याचं नाव, त्याच्या मेंढ्या,
त्याच्या बायकोचा नाक उडालेला चेहरा.
बारा निराधारांनी दिवसातून दोनदा
त्याच्या आत्म्यासाठी गुडघे टेकायचे,
बदल्यात एक खोली, एक खिडकी, एक विस्तव.
स्वर्गाचा हप्ता
दुसऱ्यांच्या गुडघ्यांवर.

दारं बुटकी. पाच फूट चार इंच.
"वाकायला लावायचं असेल त्याला," मी म्हटलं.
"छे," त्या म्हणाल्या, "ऊब वर जाते.
उंच दारातून पळून जाते बाहेर."
वहीत लिहिलेला टोमणा मी खोडला.

छपरावर दगडी कौलं,
वळचणीला परातीएवढी, आढ्यापाशी तळहाताएवढी.
प्रत्येकाला ओकची एक खुंटी.
काही खुंट्या अजून त्याच.

दोन घरांत एक धुराडं, एक भिंत.
सातमध्ये ह्या, आठमध्ये एडविन लुगर.
बावीस वर्षं दोघं
फक्त हवेबद्दल बोलले.
पण ह्यांचा विस्तव विझला
तरी त्याच्या विस्तवानं
पलंगाकडची भिंत पहाटेपर्यंत कोमट असायची.
फेब्रुवारीत एका रात्री, तीनच्या सुमारास,
झोपेत त्यांनी भिंतीला हात लावला
आणि उठून कोट चढवला.

आता रेडिएटर आहेत.
धुराड्यांत कबुतरं.

माझ्या अहवालात एक रकाना आहे: झीज.
त्याच्या शेजारी, ती भरून काढायचा खर्च.
सातची पायरी मधोमध एकवीस मिलिमीटर खोल,
मधोमधही नाही,
आठच्या दाराकडे जरा सरकलेली.
मी पुन्हा मोजलं.
ह्या वेळी टेप थरथरला नाही.

खर्चाच्या रकान्यात मी काय लिहितो
ते बघायला त्या थांबल्या नाहीत.
चहा टाकायला आत गेल्या,
न वाकता.
त्यांच्यामागून मी,
आणि चौकट कपाळाला लागली.
पाच फूट चार. बरोबर.