दोन काळे

प्रिंटर घेतला तोर्निओच्या एका फोटोग्राफरकडून,
एकशेवीस युरो आणि वर पोतंभर बटाटे देऊन.
"काळा जरा नीट येत नाही," तो म्हणाला, "बाकी उत्तम."
माणसांचंही आपण असंच सांगतो,
विशेषतः लग्न जमवताना.

ह्याच्यात काळे दोन असतात.
एक चकचकीत कागदासाठी, दुसरा मॅटसाठी.
पुढे जाणारी नळी मात्र एकच,
आणि कुणाला सोडायचं, कुणाला थोपवायचं
हे ठरवतो नखाएवढा एक व्हॉल्व्ह.
तो अडकलाय. दोघांनाही थोडं थोडं सोडतो,
म्हणून छापून येते नुसती राख.

टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं. अठरा स्क्रू.
पेर्त्तीच्या इन्सुलिनच्या सिरिंजा अजून खणात होत्या;
टाकून दे, टाकून दे, लेकीचा धोशा.
एकीत कोमट डिस्टिल्ड पाणी भरलं.
मुइक्कू साफ करताना धरते तसा
व्हॉल्व्ह अंगठ्याखाली धरला, पोट उघडलं:
रबराच्या पडद्यावर वाळलेल्या शाईची खपली,
खवल्यासारखी.

एकतीस वर्षं मी गिरणीत कागद केला.
ओला, कोरडा, दुमडलेला, सगळा बोटांना कळायचा.
शाईचं कधी विचारलं नाही.
आमचं काम पांढऱ्यापाशी संपायचं.

स्प्रिंग उडाली.
उर्हो कॉफीला आला होता, म्हणाला, नवा घे ना,
आणि म्हणता म्हणताच शेगडीपुढे ओणवा झाला,
दुखऱ्या गुडघ्याला शिव्या घालत,
दातांत टॉर्च.
बाहेर तीन तासांचा दिवस आटोपला
तरी आतून नुसतं हुंकारणं ऐकू येत होतं.
सापडली. सोबत एक बटण
आणि पेर्त्तीची एक गोळी.
गोळीबद्दल आम्ही काही बोललो नाही.

मग पहिला फोटो लावला, शेवटच्या पाळीचा.
फ्लॅश उडाला नव्हता त्या रात्री.
ह्यात काहीच नाही, असं उर्हो चार वर्षं म्हणत आलाय.
कागद इंचाइंचाने बाहेर येत गेला:
काळं. त्यामागे आणखी काळं.
मग त्या काळ्यातून थांबलेल्या यंत्राची कड,
हेल्मेट, कुणाची तरी पाठ.

उर्होने चष्मा कपाळावर सरकवला.
"हे कोपर माझं," म्हणाला.
मग बराच वेळ काहीच नाही.

माझा अंगठा अजून धुऊन निघत नाही.
दोन्हींपैकी कुठला काळा, कोण जाणे.