फलकासाठी मजकूर

नगरपालिकेचा पोरगा आला होता, टेप आणि वही घेऊन.
म्हणाला, फलकावर नव्वद शब्द मावतात,
तुमच्या वडिलांच्या रेल्वेचा इतिहास द्या लिहून.

लिही : लांबी चार मैल, वर तीन शेतं.
हॅगबर्नच्या खाणीपासून नदीच्या धक्क्यापर्यंत.
स्टेशन एकही नाही, तिकीट नाही.
वेळ सांगायचा खाणीचा भोंगा,
आणि भोंगा भरती-ओहोटीचा मिंधा.

आधी रूळ लाकडाचे होते.
उतारावर गाडी आपल्याच वजनानं सुटायची,
कथबर्ट रेन ब्रेकच्या दांड्यावर मांडी टाकून,
आणि त्याची घोडी मागच्या डब्याला बांधलेली,
पेंडी चघळत मालकिणीसारखी चालत यायची.
परतीला रिकामे डबे तिनंच ओढायचे,
पण लोकांनी पाहिला तो उतार.
आयतोबा जावयाला आमच्याकडे अजून
उतारावरची घोडी म्हणतात.

वाट भाड्याची. मधल्या शेताचा मालक
टनामागे अर्धी पेनी घ्यायचा,
आणि बायकोचं डोकं दुखलं की गाडी बंद.
त्याच्या नावानं चर्चमध्ये रंगीत काच आहे.
कथबर्टचं नाव तबेल्याच्या वहीत सापडतं, एकाच ओळीत :
ओट्स, नाल, रेन.

मग लोखंड. मग वाफ.
तिसऱ्या इंजिनाला खाणमालकाच्या मुलीचं नाव दिलं, मार्जरी.
मुलगी दक्षिणेत राहिली, इकडे कधी फिरकली नाही.
इंजिन साठ वर्षं रोज सहा फेऱ्या मारत राहिलं,
खोकत, चढावर शिव्या खात.
आया पोरींना सांगायच्या, मार्जरीसारखी राब,
फक्त तिच्यासारखं तोंड काळं करून येऊ नकोस.

किती झाले? पोरगा म्हणाला, नव्वद केव्हाच झाले.
मग वही मीट. आता नुसतं ऐक.

फाटकावर थॉमसिन हेस्लॉप, एकवीस वर्षं.
तिचा नवरा तिथेच दोन डब्यांमध्ये चेंगरला,
कंपनीनं भरपाई म्हणून तिला फाटक दिलं.
गाडी आली की ती कंदील उंच धरायची
आणि गाडीकडे पाठ करून उभी राहायची.
त्या वळणावर प्रत्येक ड्रायव्हरचा हात
का कोण जाणे, जरा घसरायचा,
आणि दोन बादल्या कोळसा तिच्या कुंपणाशी सांडायचा.
कंपनीच्या हिशेबात त्याला गळती म्हटलंय.

ज्या फेब्रुवारीत खालच्या थरात पाणी शिरलं
त्या आठवड्यात गाडीनं कोळसा नेला नाही.
बायकांनी डबे घासून धुतले, पेट्या ठेवण्यासाठी.
तेव्हा गावाला पहिल्यांदा कळलं
की डब्यांचा मूळ रंग लाल आहे.

शेवटच्या फेरीला मी नऊ वर्षांची.
बाबांनी मला ब्रेकच्या डब्यात घेतलं, नियम मोडून.
नऊ डबे, त्यातले चार अर्धेच.
बाबा बोलत नव्हते. पाव खाल्ला, कागद घडी करून ठेवला.
धक्क्यावर जहाज नव्हतं, चिखलात एक बगळा.
वहीत त्यांनी लिहिलं, ओहोटी, आणि सही केली.

रूळ भंगारात गेले. स्लीपर आम्हीच पळवले.
गल्लीतले बक्षिसाचे लीक बघ,
त्यांच्या वाफ्यांना कडेनं तेच लाकूड आहे.
वाफ गेली, वाफे राहिले.
मार्जरीचं काय झालं, मला विचारू नकोस.

पोरगा उठला. म्हणाला, तारखा तेवढ्या घालतो.
खांब कुठे रोवू?
म्हटलं, थॉमसिनच्या कुंपणाशी.

पहिल्याच फावड्याला गळती लागली.
काळी, ओली, गुडघाभर.
तो खड्ड्याकडे बघत राहिला,
मग माझ्याकडे. मी कुत्र्याला हाक मारली,
पाठ फिरवली,
तेव्हा त्याच्या खिशात काहीतरी पडल्याचा
आवाज आला.