लिफ्टचं नाणं

पंचवीस तारखेला फोन आता वाजत नाही.
अकरा वर्षं वाजला, सकाळी नऊच्या आत.
बँकेचा पगार बँकेतच,
माझ्या टेबलावरून उठून माझ्याच खात्यात जाऊन बसायचा.
नोकरी सोडल्यावर पहिले तीन महिने
चोवीसच्या रात्री
फोन उशाशी घेऊन झोपले तरीही.
सवय. दुसरं काय.

आता पियानो लावते.
आमच्या ग्लदानीत, या नऊमजली पेट्यांच्या रांगांत,
जुने काळे पियानो अजून आहेत.
वर फुलदाणी, आत कसर लागलेला नमदा.
मुलं परदेशी गेली. पियानोला चाकं होती, पण तो राहिला.
कोणी साठ लारी देतं.
कोणी तीस आता, आणि तीस
"देवाच्या कृपेने, पुढच्या महिन्यात."
त्सियालाबाईंनी अक्रोड दिले, सोललेले, तीन किलो.
अक्रोडांनी गॅसचं बिल भरता येत नाही,
पण ते वाटून वांग्यात भरता येतात
आणि तेवढी वांगी गुरुवारपर्यंत पुरतात.

वही नवी घेतली नाही.
तेकलेची गणिताची उरली होती अर्धी.
पुढून तिचे अपूर्णांक,
मागून माझे.

डिसेंबरात दोन खोल्या बंद केल्या,
दाराच्या फटीत जुना कोट कोंबला,
तिघं एका हीटरपाशी आलो.
बाबांचं घोरणं अर्धा सूर खाली.
तेकले म्हणाली, "आई, त्यांनाही लाव ना."
त्या रात्री हसायला पैसे पडले नाहीत,
तेही लिहून ठेवावंसं वाटलं.

खाली जुजुनाच्या दुकानात उधारीची वही आहे.
तिथे मला नाव नाही. "सातवा मजला, डावी."
लोणी, काडेपेट्या, बकव्हीट, पुन्हा लोणी.
मी लोकांना कर्ज दिलंय,
सहीआधी तीन ठिकाणी बोट ठेवून.
जुजुना बोट ठेवत नाही.
पेन्सिल कानावर परत खोचते
आणि विचारते, पोरीचा खोकला गेला का.
याचं व्याज कसं काढायचं
मला अजून कळलेलं नाही.

पियानो लावताना एक गोष्ट पहिल्याच वर्षी शिकवतात:
प्रत्येक सूर अगदी खरा लावलात
तर सगळा पियानो खोटा वाजतो.
ज्याच्या त्याच्या वाट्याचं थोडंथोडं
सरकवावं लागतं.

आमची लिफ्ट नाण्यावर चालते.
वर जायला वीस तेत्री, खाली फुकट.
मी पायऱ्या चढते, तेकले दोन-दोन उड्या मारत.
बाबांचा गुडघा गेलाय, म्हणून त्यांना
रोज दोन नाणी मोजून देते, एकदा भाजी, एकदा बाग.
परवा तारा ताणत बसले होते, दार उघडं,
आणि जिन्यातून ऐकू आलं ते पाऊल.
उजवं जड, डावं उशिरा.
चौथ्यावर थांबलं. श्वास.
पाचव्यावर पुन्हा.
हातातली किल्ली तशीच राहिली.
माझ्यासाठी हा माणूस अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी
नाणी वाचवतोय!
घसा दाटला. मनातल्या मनात
बँकेत परत जायचा अर्जही लिहून झाला.

दारात आले ते तंबाखूच्या वासासकट.
कोटाच्या खिशात सुटी सिगारेट, एक ओढलेली, एक शिल्लक.
माझ्याकडे पाहिलं.
मी पियानोकडे पाहिलं.
"लिफ्टमध्ये गर्दी होती," ओतारी म्हणाले.
सातव्या मजल्यावर, दुपारी तीन वाजता.

रात्री हिशेब लिहिला.
लोकांचे खोटे आकडे पकडण्यात
अकरा वर्षं काढलेल्या हाताने,
मुद्दाम सुवाच्य अक्षरात:
लिफ्ट, बाबा, चाळीस तेत्री.