चिंचोके

ऐरोलीत, सातव्या मजल्यावर, रात्री साडेनऊला
मी फळ्यावर लिहिते : व्हेन द चिप्स आर डाउन.
घणसोलीचा हर्षल मढवी हात वर करतो,
"मॅडम, वेफर्स सांडले तर?"
बावीस हेडफोन हसतात.
मीही.

चिप म्हणजे चकती, मी सांगते,
कधी हाडाची, कधी भाजल्या मातीची,
जुगाराच्या टेबलावर पैशांच्या जागी मांडायची.
अर्थ : कसोटीची वेळ. वहीत उतरवून घ्या.

ते उतरवून घेतात.
मला कोपरखैरण्याची खोली दिसते,
गौरी जागवायची रात्र, सतरंजी,
मार्केटातून परस्पर आलेले चार माथाडी,
मानेवर गोणीचे घट्टे, अंगाला कांद्याचा वास,
आणि मधोमध चिंचोके.
एक चिंचोका चार आणे.
माझं काम, बरणीतून मोजून द्यायचे
आणि तोंड बंद ठेवायचं,
कारण चौघांची पानं मला पाठीमागून दिसायची.

अप्पा बहुतेक वेळा हरायचे. त्याचं काही नाही.
पण चिंचोका टाकताना त्यांचा हात
सतरंजीच्या वीतभर वर जरा रेंगाळायचा,
आणि गेनू कदम म्हणायचा,
"रंगराव, टेकला की टेकला.
उचलायचा नाय."

हे डिक्शनरीत नाही.
तिथे संकट आहे, बाका प्रसंग आहे,
खरे मित्र कळतात वगैरे आहे.
मुळात तो एवढासाच क्षण होता :
हात रिकामा झालाय,
पान अजून पालथं आहे,
आणि कुणी कुणाकडे बघत नाही.

"मॅडम, वाक्यात उपयोग?"

माझ्या ड्रॉवरमध्ये एक यादी आहे.
पहाटे सहाला सगळ्यांच्या फोनवर जाईल.
बावीसपैकी नऊ.
मढवीनं परवा आईसाठी दोन दारांचा फ्रिज घेतला, हप्त्यावर.
आज वर्गभर काजूकतली वाटली.
मी दोन खाल्ल्या.

बरणी सांभाळणारीनं बोलायचं नसतं,
हे मला आठव्या वर्षापासून ठाऊक आहे.
त्याचे पगाराबाहेर वेगळे पैसेही मिळतात आता.

"दार लाव रे, मढवी."
तो लावतो. एसीचा आवाज मोठा होतो.
मी पर्समधून किल्ली काढते,
ड्रॉवरपर्यंत नेते.
वीतभर वर
हात जरा रेंगाळतो.

मागच्या बाकावरून कुणीतरी,
"मॅडम, हे पण लिहून घ्यायचं का?"