आठ हजारांची सायकल

नकाशा शाखेत बावीस वर्षं
मी साष्टीची किनार काळ्या शाईने ओढते आहे.
वर वसईची खाडी, उजवीकडे ठाण्याची,
डावीकडे समुद्र.
बेट आहे हे. कागदावर रोज असतं.
कळव्याच्या पुलावरून माणसं बेट सोडून जातात
आणि फोनवर सांगतात, पाच मिनिटांत पोचतो.

रविवारी पावणेसहाला उपवनचं तळं
अजून रात्रीच्याच बाजूला.
पायऱ्यांवर एक गृहस्थ कपालभाती करतायत,
त्यांचा श्वास आणि माझ्या पंपाची हवा
थोडा वेळ एका लयीत.
पाण्यात डोंगर उलटा.
मी आधी त्याच्यावरून नजर फिरवून घेते,
तिथं चढ लागत नाही.

मग येऊरचा नाका. वनरक्षक वही पुढे करतो:
नाव, वेळ, वाहनाचा प्रकार.
मी लिहिते, सायकल.
तो टायरच्या जाडीकडे बघतो, बोलत काही नाही.

चढ म्हणजे फक्त मांड्या.
चढावर कविता करणाऱ्यांनी तो बसमधून पाहिलेला असतो.
दुसरा गिअर, मग पहिला, मग
गिअर संपतात.

पाडा मागे पडला की डांबर सुटतं.
माघातली सागाची पानं पापडासारखी,
चाकाखाली एवढी वाजतात
की बिबट्याला वेगळं कळवायची गरज नाही.
वाट वीतभर. एका अंगाला कारवी,
दुसऱ्या अंगाला काहीच नाही.
आणि जिथं अंजनाची मुळं पायऱ्यांसारखी खाली जातात
तिथं मी उतरते.
म्हातारी शेळी न्यावी तशी
सायकल कानाला धरून खाली नेते.
असे अकरा रविवार.

बाराव्याला मुळांवर एक मुलगा बसलेला.
शेजारी बापाची काळी सायकल, मागे लाकडाची मोळी.
ब्रेकच्या जागी चप्पल.
"कितीची?"
बेचाळीस हजार.
पण तोंडातून निघालं, आठ.
का, ते मला तेव्हा माहीत होतं. आताही आहे.
तो उठला, भोवती एक फेरी मारली.
कॅरिअर नाही. स्टँड नाही. मडगार्ड नाही.
घंटीसुद्धा नाही.
"फसवलं की बाई तुम्हाला,"
चिंतू सांबर म्हणाला, खरंखुरं हळहळून,
आणि मोळी करकरत, चप्पल घासत
मुळांवरून खाली गेला,
जसं कुणी मीठ आणायला जातं.

मी तिथंच.
लाज ही भीतीपेक्षा
वजनात जरा जास्त भरते, हे तेव्हा कळलं.
सीटच्या मागे सरकले. मागचा ब्रेक दोन बोटांत.
पहिलं मूळ दातांत लागलं, दुसरं कोपरांत,
तिसरं कुठं गेलं
कुणास ठाऊक, मधे एकदा फांद्यांच्या फटीतून
लांब खाली खाडी चकाकली,
मान वळली, आणि दुसऱ्या फटीत तळं,
आणि पायांना पहिल्यांदा समजलं की जमीन संपते,
सगळीकडून संपते,
आणि कारवीने पोटरी सोलली,
आणि खाली पोचले तेव्हा तोंडात माती
आणि मी मोठ्याने ओरडत होते,
बेचाळीस! बेचाळीस!
वळणापलीकडे चप्पल घासल्याचा आवाज.
त्याने ऐकलं की नाही, माहीत नाही.

सोमवारी टेबलावर येऊरचाच तुकडा.
समोच्च रेषा दाट. वाट नाही.
पेन्सिलीला टोक काढून ठेवलेलं होतं, ठेवलेलंच राहिलं.
मोजा खाली करून ओरखडा पाहिला:
प्रमाण एकास एक,
उत्तर गुडघ्याकडे.

संध्याकाळी वर्तकनगरला मुस्तकीमच्या दुकानात
एक घंटी घेतली. साठ रुपये.
हिला नाही लावत कुणी, तो म्हणाला.
लाव, म्हटलं.
फसवलंय मला.