तेरावा महिना

दुष्काळात तेरावा महिना, असं आपण म्हणतो.
तिथे तो दरवर्षीच येतो.
पागुमे. पाच दिवसांचा,
चार वर्षांतून एकदा सहा.
त्याचा पगार नसतो,
म्हणून कामही कुणी फार मागत नाही.
डॉक्टर येत्नायेत गेब्रेमेस्केल या पाच दिवसांत
निळ्या पुठ्ठ्याची वही काढून बसतात.

पहिली शाळा तंबाखूच्या गोदामात.
तेवीस मुलं, दोन बाकं,
आणि एक सांगाडा, दोन्ही पंजे नसलेला.
मनगटातली आठ हाडं
त्या तुकडीनं एकमेकांचे हात दाबून पाठ केली,
डोळे मिटून, कारण वीजही नसायची.
रखवालदार गाशे वोर्कू
रोज सांगाड्याला सलाम करून मगच कुलूप लावायचे.

दुसरी तळ्याकाठी.
मंत्र्याच्या भाच्याला प्रवेश नाकारला
आणि आठवड्याभरात नळ कोरडे पडले.
अकरा महिने पाणी गाढवांनी वाहिलं.
‘मी इतकी वर्षं अधिष्ठाता होते,’ त्या म्हणतात,
‘पण वेळेवर हजर राहणारं प्रशासन
तेवढं एकच पाहिलं.’

तिसरी खाली, मिठाच्या वाटेवर,
जिथे तास सूर्याआधी संपवावे लागतात.
तेव्हा त्या एकसष्ट वर्षांच्या होत्या.
इमारतीच्या आधी त्यांनी बाभळी लावल्या.
उंटांनी खाल्ल्या. पुन्हा लावल्या.

वहीत दोन रकाने: इथे, तिथे.
चौदाशे बारा नावं.
‘तिथे’चा रकाना पानाबाहेर सांडतो:
लीड्स, मिनेसोटा, दोहा.
एका सभेत कुणीतरी विचारलं होतं,
बाई, तुम्ही डॉक्टर घडवता की तिकिटं छापता?
त्या उत्तराला उठल्या,
चष्मा पुसला,
आणि खाली बसल्या.

यंदा पागुमेची तिसरी रात्र.
या दिवशीचा पाऊस पवित्र,
म्हणून मुलं अंधार पडेपर्यंत पन्हळीखाली नाहत होती.
फोन वाजला, त्यांच्या घड्याळात रात्रीचे सात,
आपल्या हिशेबानं एक.
झेनेबेच. तिसऱ्या शाळेची,
डोंगरावरच्या दवाखान्यात एकटी.
जुळं आहे. पहिलं झालं. दुसरं आडवं.
रुग्णवाहिका नदीपलीकडे.

‘अगं, मी छातीची डॉक्टर,’
असं म्हणता म्हणता त्यांनी दुसरा फोन उचलला
आणि ‘तिथे’च्या रकान्यातलं पहिलं नाव लावलं.
लिदेतू. तंबाखूच्या गोदामातला.
मग टेबलावर दोन फोन,
एकाच्या तोंडाशी दुसऱ्याचा कान,
आणि मध्ये त्यांचे दोन तळवे,
आवाज सांडू नये म्हणून.

‘हात आत घाल. घाई नको. काय लागतंय?’
‘बोटं.’
‘बोटांनी फसू नकोस. वर जा. टाच आहे?’
पाऊस.
‘डोळे मीट, झेनेबेच. मनगट कसं लागतं,
तुझ्याच हाताचं?’
‘तसंच लागतंय.’
‘मग तो हात आहे. सोड त्याला.
पाय शोध.’

खूप वेळ फक्त पत्रा वाजत राहिला,
इकडचा की तिकडचा, कळेना.
‘टाच,’ ती म्हणाली.
आणि लाइन तुटली.

लिदेतू फोनवर थांबला. काही बोलला नाही.
बोलला तेव्हा एवढंच:
‘त्या सांगाड्याला पंजे मिळाले का कधी?’
‘नाही,’ त्या म्हणाल्या,
‘मी मुद्दाम मागवले नाहीत.’
हे खरं नव्हतं.
तीनदा मागवले होते. तीनदा पैसे संपले होते.

पहाटे मेसेज आला, एकच शब्द:
दोघी.

नवीन वर्षाला दोन दिवस उरले.
माळावर पिवळी फुलं उघडू लागली होती.
वही समोर होती, दोन्ही रकाने तसेच.
लिदेतूच्या नावावर त्यांनी पेन टेकवलं,
बराच वेळ टेकवून ठेवलं, शाईचा ठिपका झाला.
मग खाली, खर्चात, लिहिलं:
परदेशी फोन,
एकशे चाळीस बिर.